तारखेच्या दिवशीचं ताट

खानावळीत बाहेरगावचा माणूस चटकन ओळखू येतो. तो पिशवी खाली ठेवत नाही. टेबलाखाली जागा असते, भिंतीला खुंटी असते, शेजारची खुर्ची रिकामी असते. तरी ती नायलॉनची पिशवी त्याच्या मांडीवरच राहते आणि डावा हात तिच्या बंदांवर. भाकरी एका हाताने मोडायची तर बोटांना ताकद लागते. ती त्याच्याकडे असते. सोलापुरात सात रस्ता, रंगभवन या बाजूला, कोर्टकचेऱ्यांच्या आसपास जेवायला बसले की माझं लक्ष आधी या पिशव्यांकडे जातं. आत काय आहे ते साधारण कळतं. सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नकला, वकिलाने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेलं काहीबाही, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड. सिव्हिल हॉस्पिटलमधून आलेला असेल तर एक्स-रेचा मोठा लिफाफा मांडीवर मावत नाही. मग तो भिंतीला उभा करतात आणि जेवण होईपर्यंत माणूस त्याच्याकडे बघत राहतो.

हा माणूस या वेळी इथे का बसलाय, तेही ठरलेलं आहे. ‘साहेब जेवायला गेलेत, अडीचनंतर या.’ जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांचं शहरातलं जेवण या एका वाक्यावर अवलंबून असतं. भूक लागली म्हणून उठून खानावळीत जाणारे वेगळे. हा सकाळी सहाच्या एस.टी.ने निघालेला, दहा वाजल्यापासून एका बाकावर बसलेला असतो. नाव पुकारलं जाईल म्हणून हललेला नसतो. साहेब जेवायला उठतात तेव्हाच त्याला जेवायची मोकळीक मिळते. दुसऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीत आपलं जेवण उरकणं, हे शहरात एका दिवसासाठी आलेल्या माणसाचं पहिलं लक्षण. घरी तोच माणूस बांधावरच्या बाभळीखाली सूर्य बघून जेवायला बसतो. इथे कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ बघून.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. तिथून सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. वाटेत बेगमपूरला भीमा लागते, तिऱ्ह्याला सीना. पूर्वी पावसाळ्यात या दोन नद्यांची मर्जी असेल तरच सोलापूर. पुण्या-मुंबईच्या माणसाला सोलापूर मोठं शहर वाटत नाही. रात्रीच्या गाडीत झोपमोड करणारं एक स्टेशन, चादरी, सिद्धेश्वराचं तळं, एवढीच त्याची ओळख. पण मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, अक्कलकोट इथल्या माणसाला विचारा. ‘शहराला गेलतो’ म्हटलं की दुसरं गाव डोळ्यांसमोर येत नाही. जमिनीचा वाद तिथे, मोठं दुखणं तिथे, लग्नाचा बस्ता तिथे, आणि जानेवारीत गड्ड्याची यात्राही तिथेच. सोलापूरला मुक्कामाला कोणी जात नसे. जायचं, काम करायचं, परतायचं. त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या आठवणीतलं सोलापूर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढंच आहे. रात्रीचं सोलापूर मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात शिकायला लागल्यावर.

एका दिवसाच्या या शहरात आई सहसा हॉटेलात जेवत नसे. ती कडक भाकरी बांधून आणायची. ज्वारीची, कागदासारखी पातळ, तव्यावरून काढल्यावर चुलीच्या धगीला ठेवून पार वाळवलेली. नुसती ठेवली तरी आठवडाभर काही होत नाही. सोबत शेंगाचटणी आणि एखादा कांदा. बसस्टँडवर नाहीतर सिव्हिलच्या आवारात लिंबाखाली पदर पसरून ती बसायची आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडल्याचा आवाज आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जायचा. त्यातलं कुणीतरी आपलं फडकं सोडायचं. अर्ध्या तासात तिथे पाच-सहा गावांच्या भाज्या एकत्र व्हायच्या. दवाखान्याच्या आवारात माणसं एकमेकांना आधी ‘काय झालंय’ विचारतात आणि लगेच ‘काय आणलंय’ विचारतात. बाळंतपण, सर्पदंश, अपघात या सगळ्यांची चौकशी लोणच्याच्या फोडीबरोबर व्हायची. हेही बाहेरचंच जेवण होतं. फक्त हॉटेलातलं नव्हतं.

आईला हॉटेलचं वावडं का होतं, ते मला फार दिवस कळलं नाही. पैसे हे एक कारण होतंच. दुसरं म्हणजे आपल्याला कोणी वाढावं आणि आपण बसून खावं, याची तिला सवय नव्हती. वाढपी आला की ती खुर्चीतून अर्धवट उठायची. घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईला शहरातल्या खानावळीत सगळ्यांच्या बरोबरीने ताट मिळतं, गरम मिळतं, आणि तव्याकडे तिला बघावंही लागत नाही. आपण मोकळ्या असल्याचं तिला सुख होत असेल असं मला वाटायचं. दिसायचा तो संकोच. पुढे एकदा बस्त्याच्या दिवशी सगळ्या बायका मिळून जेवायला गेल्या, तेव्हा मात्र ती अडून बसली नाही. एकटीने हॉटेलात जाणं वेगळं आणि दहा जणींनी मिळून जाणं वेगळं.

बस्त्याचा दिवस हा बाहेर खाण्याचा सण. दोन्हीकडची माणसं, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, हिशोब ठेवणारा एखादा शिकलेला भाचा, सगळे टेम्पोत बसून नव्या पेठेत किंवा फलटण गल्लीत उतरायचे. दुकानात गाद्यांवर बैठक. साड्या उलगडत राहायच्या, आणि दर तासाला चहा, मग सरबत, मग परत चहा. दुकानदाराला पक्कं माहीत असतं की उपाशी बाई साडी पसंत करत नाही. मोठ्या बस्त्याला तो जेवणाचीही सोय करतो. एरवी जेवणाचे पैसे मुलीकडच्यांनी द्यायचे की मुलाकडच्यांनी, यावर एक बारीक ताण असायचा. हॉटेलात शिरताना दोन्हीकडचे कर्ते पुरुष गल्ल्याच्या जवळच्या खुर्च्या पकडायचे, म्हणजे बिल आपल्या हातात यावं. किंवा येऊ नये.

तेव्हा हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असायच्या. लाकडी फळ्यांनी आडोसा केलेल्या खोल्या, दाराला पडदा. पडद्याला हात पुसलेले असायचे. आत चार खुर्च्या, एक पंखा, आणि बाहेरचं सगळं ऐकू येत असूनही दिसत काही नाही. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला पहिल्यांदा मसाला डोसा खायला घातला तो अशाच एका खोलीत. बाई-माणसाने चारचौघांत तोंड हलवू नये, म्हणून ही सोय. आम्हा मुलींना मात्र बाहेर बसायचं असायचं. शहर बघायला यायचं आणि पडद्याआड बसून खायचं, याला काय अर्थ? मी सारखी पडद्याच्या फटीतून बघायची. ओल्या फडक्याने टेबल पुसत जाणारा पोऱ्या, एका हातावर पाच बशा रचून येणारा वाढपी, गल्ल्यावरच्या देवाच्या तसबिरीखालची ताजी उदबत्ती, आणि एका दमात म्हटलेली यादी: इडली, वडा, उप्पीट, शिरा, पुरीभाजी. ती यादी ऐकून घेऊन शेवटी आमच्याकडचे लोक भजीच मागवायचे. घरी होतात तीच भजी. नवं काहीतरी खावं आणि ते आवडलं नाही तर पैसे वाया जातील, ही धास्ती. डोसा मागवणारे अण्णा आमच्या घराण्यात धाडसी समजले जात.

पाट्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय सोलापुरात जेवण्याबद्दल लिहिता येणार नाही. ‘लिंगायत खानावळ’, ‘मराठा खानावळ’, कुठे नुसतंच ‘शुद्ध शाकाहारी’. लहानपणी मला वाटायचं, या पाट्या आत काय शिजतं ते सांगण्यासाठी आहेत. लिंगायत म्हणजे पालेभाजी, झुणका, दह्याची वाटी, सणाला गव्हाची हुग्गी. मराठा म्हणजे मटणाचा रस्सा. शिवाय सावजींची हॉटेलं वेगळी, तिखटाची पैज लावणारी. पण आत कोण शिजवतं आणि कोणी बसावं, तेही त्या पाटीत लिहिलेलं असायचं. एका दिवसासाठी आलेल्या माणसाला शहर परकं असतं. तो आपल्या ओळखीचं नाव वाचून आत शिरतो. ज्याला कुठल्याच पाटीवर आपलं नाव सापडत नसे, तो कुठे जेवत असेल? चहाच्या टपरीवर वेगळ्या कपबशा ठेवण्याचा काळ फार लांबचा नाही. आमच्या गावातून तारखेला येणारी काही म्हातारी माणसं शहरात पाण्याशिवाय काही घेत नसत, आणि तेही नळाचं. त्यांना ‘बाहेरचं चालत नाही’ असं आम्ही म्हणायचो. त्यांना बाहेर चालू दिलेलं नव्हतं, हे मोठं झाल्यावर उमगलं.

मात्र या शहराची घडणच अशी आहे की ते कुणाला फार वेळ वेगळं बसू देत नाही. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराचा सगळा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. अक्कलकोटकडून कानडी आली, विजापूर-गुलबर्ग्याच्या रस्त्यांनी दखनी उर्दू. गिरणीच्या पाळीला जात विचारून भूक लागत नसते. पहाटेच्या भोंग्याला बाहेर पडणाऱ्याला चहा हवा, मध्यरात्री सुटणाऱ्याला काहीतरी गरम हवं. ज्या गावात भोंगा वाजतो तिथे घरच्या चुलीवर भागत नाही. बाहेर खाण्याची ठिकाणं आपोआप उगवतात. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग मागे राहिले, विड्या वळणाऱ्या बायका राहिल्या. अशोक चौकाच्या बाजूला सकाळी अजूनही माणसं उभ्याने नाश्ता करतात, आणि त्यांच्यात खुर्चीची वाट बघणारं कोणी नसतं.

वाढपी इथला खरा भाषापंडित. एका टेबलावर ‘अक्का, भाकरी वाढू?’ म्हणणारा पुढच्या टेबलावर पोचेपर्यंत कानडीत शिरलेला असतो, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी तेलुगूत ओरडतो. कोण कुठल्या रस्त्याने आलंय, हे त्याला चेहऱ्यावरून नाही तर बसण्यावरून कळत असावं. अक्कलकोटचा माणूस बसला की त्याच्यापुढे आधी दही येतं, असा माझा आपला एक निष्कर्ष आहे. तो कोणी तपासून बघावा. रमजानच्या दिवसांत विजापूर वेशीला गर्दीत फिरताना तर मला वाटतं, सगळा जिल्हा संध्याकाळपुरता इथे लोटलाय. उपवास ज्यांचा, ते शांतपणे खजूर तोंडात टाकतात आणि ज्यांचा उपवास नाही ते कबाबाच्या शेगडीपुढे ढकलाढकली करतात.

गड्ड्याचं खाणं हा स्वतंत्र विषय आहे. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते कमरेवर पेलत नेतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. आणि मग होम मैदानावर पाळण्यांच्या दिव्यांखाली सगळा जिल्हा भजी खातो. गावाकडचे लोक वर्षभर ज्या हॉटेलांच्या पायऱ्या चढत नाहीत ते इथे धुळीत, उभ्याने, कागदावर खातात. यात्रेतल्या खाण्याला पैशाची टोचणी नसते, कारण ते देवाच्या खात्यात जातं. शिवाय आमच्याकडे बाहेर जेवण्याचं मूळच देवधर्मात नाहीतर बाजारात. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, आम्ही सगळं घर उठवून शेतात नेतो आणि कडब्याच्या खोपीपुढे भज्जी, उंडे, आंबील असं जेवतो. दिसेल त्याला हाक मारून बसवतो. करमाळ्याकडे बाजार आमटी आहे. आठवडी बाजारात जमलेल्या माणसांची, मिश्र डाळींची, काळ्या मसाल्याच्या तर्रीची. मोठ्या पातेल्यात रटरटणाऱ्या त्या आमटीत भाकरी कुस्करायची आणि घाम पुसत खायची. आता ती हॉटेलांच्या फलकावर चढली आहे आणि लोक खास गाडी काढून खायला जातात. तिच्या जन्माला मात्र बाजाराचा दिवस आणि घरापासून लांब असणं एवढंच कारण पुरलं.

सरकारलाही या दिवसभराच्या पाहुण्याची दोनदा आठवण झाली. १९९५ साली एक रुपयात झुणका भाकर निघाली. एस.टी. स्टँडच्या कडेला हिरव्या-पिवळ्या टपऱ्या उभ्या राहिल्या. आमच्या गावचे लोक ती खाऊन आल्यावर भाकरीच्या जाडीवर बोलत. ज्वारीच्या कोठारातली माणसं, भाकरीबद्दल ती कुणाचं ऐकून घेत नाहीत. थोड्या वर्षांत त्या टपऱ्यांत झुणका सोडून सगळं मिळू लागलं. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन आलं, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. सुरुवातीला वेळ होती दुपारी बारा ते दोन. ज्याने कुणी ती वेळ ठरवली त्याने कधी कचेरीबाहेरच्या बाकावर दुपार काढली नसावी. साहेब उठतात दीडला. तोवर रांगेत नंबर सोडून थाळी खायला कोण जाईल?

याच्या उलट बाजूनेही मी हे पाहिलं आहे. सोलापूरचा माणूस एका दिवसासाठी मुंबईला जातो तेव्हा तो आपोआप मंगळवेढ्याचा होतो. तीच पिशवी, तोच डावा हात. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं, कुर्डुवाडीच्या आत डबा सोडायचा. डब्यात शेंगाचटणी असते, म्हणून सगळा डबा दरवळतो, गाडीचासुद्धा. सकाळी मुंबईत उतरलं की स्टेशनवर तोंड धुवायचं आणि इराण्याकडे किंवा उडप्याकडे चहा. मंत्रालयात काम असलं तर दुपारी आमदार निवासाचं कँटीन. तिथे महाराष्ट्राच्या सगळ्या जिल्ह्यांचे बाहेरगावचे एकत्र जेवताना दिसतात, आणि आपल्या भागातला कोणी भेटेल या आशेने माणसं ताटावरून मान वर करून बघत असतात. राईसप्लेटमधल्या चपात्या किती लहान, हा संवाद सुरू करायला पुरतो. पुण्यात आमटीतला गूळ पुरतो. आमच्याकडचा माणूस गोड आमटी एक वेळ खाईल, पण गावी जाऊन ती महिनाभर सांगेल.

१० फेब्रुवारी २०२३ ला सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाली. पहाटे निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत, आणि चारच्या सुमारास तीच गाडी परत. मधे साधारण साडेतीन तास. नाश्ता जागेवर, रात्रीचं जेवण जागेवर, गुंडाळलेल्या चमच्यासकट. मुंबईला जाऊन मुंबईत एक घासही न खाता माणूस घरी झोपायला येऊ शकतो. सोय झाली हे खरं आहे. सिद्धेश्वरच्या डब्यात मात्र शेजारच्या अनोळखी माणसाने ‘घ्या की जरा’ म्हणून चटणी पुढे केलेली असायची, आणि त्याला नाही म्हणणं सोलापुरात अजून तरी शक्य झालेलं नाही. वंदे भारतमध्ये प्रत्येकापुढे सारखंच ताट. कुणाला काय द्यायचं?

सोलापूरची म्हणून जी चीज प्रसिद्ध आहे ती हॉटेलात खायची नाहीच, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगापोळी. तिन्ही पदार्थ टिकणारे, बांधून न्यायचे. मोठी शहरं माणसाला बसवून खायला घालतात; हे शहर पुडी बांधून देतं. आलेला माणूस संध्याकाळी परत जाणार हे शहराने मनोमन धरलेलंच असतं. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ उखळात इतकं कांडायचं की दाण्याचं तेल सुटून चटणीचा गोळा व्हावा. मिक्सरमधून काढली की नुसता भुगा होतो, तेल वर येत नाही, आणि चार दिवसांत तिची चव बसते. शेंगापोळीत दाण्याचा कूट आणि गूळ. पाण्याचा अंश कमी, म्हणून प्रवासाला चालते. अमेरिकेला जाणाऱ्या पोरांच्या बॅगांतून हे तिन्ही जिन्नस जातात. पूर्वी ते पंढरीच्या वाटेवर जात, शेतावर जात, गिरणीच्या पाळीला जात. वाट बदलली, जिन्नस तेच राहिले.

आता मीही बाहेरगावचीच. पुण्यात राहते, वारसनोंदीसाठी, कुठल्याशा दाखल्यासाठी सोलापूरला येते. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने इथली माणसं पुण्याला कामाला निघतात, तेव्हा मी उलट्या दिशेने येत असते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या सोलापूरच्या चौघांचं नाव त्या गाडीला आहे, आणि त्यात आता लोक कानाला यंत्र लावून पुरीभाजी खातात. फॅमिली रूम गेल्या. मी एकटी जाते आणि मधल्या टेबलावर बसते. कोणी बघत नाही. हमरस्त्याला धाबे झालेत, त्यांच्यावर काळ्या मटणाची चित्रं आणि ‘चुलीवरचं’ असं लिहिलेलं असतं. चूल मात्र दर्शनी भागात ठेवलेली दिसते, धूर न येणारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या मालदांडीला सरकारी शिक्का बसला याचा आनंद गावात झाला. पण हॉटेलातली भाकरी चपातीपेक्षा महाग झालेली पाहून अण्णा असते तर मोठ्याने हसले असते.

कोर्टाजवळच्या जुन्या खानावळी मला अजून जास्त भरवशाच्या वाटतात. तिथे चव फार थोर असते असं नाही. डाळ पातळ असते, पंखा आवाज करतो. पण टेबल रिकामं व्हायची वाट बघत कोणी डोक्यावर उभं राहत नाही, आणि म्हातारा माणूस सावकाश जेवत असेल तर वाढपी त्याच्यापुढून ताट ओढत नाही. त्याला माहीत असतं की अडीचपर्यंत या माणसाला दुसरं कुठे जायचं नाही. एकदा माझ्या समोर बसलेल्या बाबांचं जेवण झालं, तरी ते उठेनात. मालकाने बडीशेपेची वाटी पुढे सरकवत विचारलं, ‘कुठलं मालक?’ बाबांनी गाव सांगितलं. ‘तारीख का?’ ‘तारीख.’ ‘बसा मग. इथं गार आहे.’ एवढंच बोलणं. त्या शहरात त्या दिवशी त्यांना बसा म्हणणारा बहुधा तो एकटा होता.

तुम्ही एका दिवसाच्या कामाने सोलापूरला आलात, तर दीडच्या गर्दीत जा. भाकरी गरम मागा, पहिली संपेपर्यंत दुसरी सांगू नका, ती तव्यावरची मिळेल. समोर अनोळखी माणूस येऊन बसला तर ताट जरा अलीकडे ओढा, त्याला पिशवी धरून जेवायला जागा लागते. आणि चटणी घ्यायची असेल तर उखळात कांडलेली आहे का, हे विचारून घ्या. पाव किलो पुरत नाही, अर्धा किलो घ्या.